बडगा कुणाचा, पाठ कुणाची?

येऊरच्या, पानखंड्याच्या, चेन्याच्या आणि घोडबंदर रोडच्या कडेला जंगलात राहणाऱ्या सगळ्या पाड्यांवरच्या बंधू-भगिनींनो, जिंदाबाद!

पेपरात एक शब्द रोज दिसतो. 'अतिक्रमणांवर कारवाईचा बडगा.' 'अनधिकृत बांधकामांवर पालिकेचा बडगा.' रोडवर अवजड गाड्या नको त्या वेळी शिरल्या की 'वाहतूक पोलिसांचा बडगा'. पाड्यावरची शिकलेली पोरं पेपर वाचून दाखवतात, आणि म्हातारी माणसं विचारतात, "बडगा म्हंजे काय रं?" पोरं सांगतात, "कडक कारवाई." म्हातारी मान हलवते, पण तिला पटलेलं नसतं. तिला कारवाई ठाऊक आहे. ती कुणावर होते तेही तिला ठाऊक आहे.

या अंकात आम्ही त्याच शब्दाची झडती घेणार आहोत. शब्दाने काय होतं, असं कुणी म्हणेल. पण आपली जमीन शब्दांनीच गेली. आधी कागदावर 'वन' लिहिलं, मग 'राखीव' लिहिलं, मग आपल्या नावापुढे 'अतिक्रमणदार' लिहिलं. माणसं येऊन मारझोड करायच्या आधी शब्द येऊन बसलेला असतो. म्हणून शब्द कळला पाहिजे.

बडगा म्हणजे सोटा

बडगा म्हणजे जाड दांडकं, सोटा. आपल्या घरातही काठी असते. गुरं वळायला असते, साप हाकलायला असते, म्हाताऱ्याला टेकायला असते. बडगा यातल्या कशालाच नसतो. तो पाठीवर घालायलाच असतो. कायद्याची पोथी आणि सोटा यांचा तसा संबंध काय? पण मराठीत तो शब्द असा काही रुळला आहे की 'कायद्याचा बडगा' म्हटलं की कुणाला खटकत नाही.

आणखी एक गंमत बघा. पेपरात बडगा नेहमी 'उगारला' जातो. उगारला म्हणजे वर उचलला. तो कुणाच्या पाठीवर पडला, पडला की नाही, किती जणांवर पडला, हे बातमीत सांगायची गरजच नसते. उगारणारा कोण ते नीट छापलेलं असतं, खात्याचं नाव, साहेबाचं नाव, कधी फोटोसुद्धा. ज्याच्यावर उगारला त्याचं नाव नसतं. तो नुसता 'अतिक्रमण' असतो. माणूस नाही, बाईमाणूस नाही, चुलीवर ठेवलेला भात नाही. अतिक्रमण हटवलं म्हणजे जसा काही कचरा काढला.

दुसरा शब्द 'कडक अंमलबजावणी'. यातला अंमल हा शब्द फारसी-अरबीतून आला. अंमल म्हणजे सत्ता, राज्य. इंग्रजांचा अंमल म्हणतो तो हाच. आणि अंमल म्हणजे नशासुद्धा. दारूचा अंमल चढला म्हणतो, अंमली पदार्थ म्हणतो, तोही हाच. एकाच शब्दात सत्ता आणि नशा दोन्ही बसल्या आहेत. ज्यांच्या हातात अंमल असतो त्यांना तो चढतो, हे आपल्याला सांगायला शब्दकोश लागत नाही.

तिसरा शब्द 'मोहीम'. मोहीम लढाईची असते. शिवाजी महाराजांनी मोहिमा केल्या त्या शत्रूवर. आज 'अतिक्रमण हटाव मोहीम' निघते ती नाचणी-वरीच्या तुकड्यावर आणि कुडाच्या घरावर. लढाईचा शब्द वापरला की समोरचा आपोआप शत्रू होतो. मग त्याला नोटीस कशाला, त्याचं ऐकून घ्यायचं कशाला?

जो इमारतीत राहतो त्याला कुठला शब्द?

आता याच रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाला कुठले शब्द लावतात ते बघा. बिल्डरने मजला वाढवला तर ती 'अनियमितता'. नकाशात नाही ते बांधलं तर 'विचलन'. दंड भरला की 'नियमितीकरण'. आणि २०१७ साली तर सरकारने शहररचनेच्या कायद्यात नवं कलम घालून एक सुंदर शब्द काढला, 'प्रशमित संरचना'. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंत झालेली बेकायदा बांधकामं काही अटींवर, पैसे भरून घेऊन माफ करायची, त्याला हे नाव. प्रशमन म्हणजे शांत करणं. ताप शांत होतो तसा गुन्हा शांत होतो. जंगलाच्या जमिनीला ती सवलत नाही हे खरं. आम्ही शब्दाबद्दल बोलतोय. एकाचा गुन्हा प्रशमित होतो, दुसऱ्याचा गुन्हा जेसीबीखाली जातो.

आपली तारीख कुठली? १३ डिसेंबर २००५. त्या दिवसाच्या आधीपासून जमीन कसत होतो, जंगलात राहत होतो, असं आपण सिद्ध करायचं. बाप-आजा, वाघोबाचं ठाणं, आंब्याची झाडं, विहीर, सगळं दाखवायचं. इमारतीला दहा वर्षांनंतरची तारीख, तीही बेकायदा असल्याचं कबूल करून. आपल्याला आधीची तारीख, आणि तीही पिढ्यान् पिढ्यांचे मूळ रहिवासी असून.

याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट अजून बोलकी आहे. मुलुंड, ठाणे, विक्रोळी इथल्या पुष्कळ जमिनींवर जुन्या काळात वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिसा निघाल्या होत्या. १९७५ साली महाराष्ट्राने खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा केला. अशा जमिनी सरकारच्या झाल्या असं मग मानलं गेलं. पण मधल्या काळात पालिकांनी परवानग्या दिल्या, टॉवर उभे राहिले, हजारो माणसांनी कर्ज काढून घरं घेतली. पुढे सात-बारावर 'खाजगी वन' अशी नोंद चढली आणि लोकांचे धाबे दणाणले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज अँड बॉयस खटल्यात निकाल लागला. कोर्ट म्हणालं, नुसती नोटीस काढली म्हणून जमीन वन होत नाही. नोटीस त्या माणसाला मिळाली पाहिजे, त्याला बाजू मांडता आली पाहिजे, आणि सरकारने वर्षानुवर्षे झोपून राहून एका दिवशी उठून सगळं आमचं म्हणायचं, असं चालणार नाही.

त्या घरांत राहणाऱ्यांशी आपलं भांडण नाही. त्यांची घरं वाचली ते बरंच झालं. त्यातल्या कितीतरी घरांत आपल्याच बाया भांडी घासतात. आमचं म्हणणं एवढंच, की निकालात जे तत्त्व सांगितलं तेच पाड्याला लावा. नोटीस मिळाली पाहिजे. बाजू ऐकली पाहिजे. जुन्या कागदावर एक ओळ आहे म्हणून माणूस उठवता येत नाही. आपल्या जमिनी जेव्हा राखीव केल्या, जेव्हा नॅशनल पार्कच्या हद्दी आखल्या, तेव्हा आपल्या किती पाड्यांवर कुणी येऊन विचारलं, की बाबा तुझा इथे काय हक्क आहे? वन कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा, दोन्ही सांगतात की आधी हक्कांची चौकशी करा. म्हणजे विचारणं हे उपकार नव्हते, कायदाच होता. त्याची कडक अंमलबजावणी कुणी केली?

हा सोटा जुना आहे

'कडक अंमलबजावणी' आज सुरू झालेली नाही. १८७८ साली इंग्रजांनी वन कायदा केला आणि ठाणे जिल्ह्यात तो सक्तीने लागू होऊ लागला. राबासाठी फांद्या तोडणं गुन्हा झाला. राब नाही तर भाताचं रोप नाही, रोप नाही तर पोटाला नाही. ठाणे आणि कुलाब्याच्या लोकांनी एवढी ओरड केली की सरकारला १८८५ साली कमिशन नेमावं लागलं, आणि १८८७ ला त्याचा अहवाल आला. म्हणजे सव्वाशे वर्षांहून आधीसुद्धा गोऱ्या साहेबाला कळलं होतं, की नुसत्या सोट्याने जंगल राखता येत नाही.

१९४५ साली तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारी मोडायला लाल बावटा हातात घेतला. गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या साथींनी ते काम उभं केलं. तेव्हाही सरकार म्हणालं, कायदा आणि सुव्यवस्था. तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मेले. वेठ घेणं हाच गुन्हा होता, पण बडगा वेठ करणाऱ्यावर उतरला, घेणाऱ्यावर नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट अशीच आहे.

बंगल्यांवर बडगा उगारा?

आता एका नाजूक प्रश्नाला हात घालतो. आपल्यातलेच काही जण, विशेषतः तरणी पोरं, मीटिंगमध्ये म्हणतात, "आपल्या झोपड्यांवर काय येता, येऊरच्या बंगल्यांवर उगारा की बडगा! हॉटेलांवर उगारा, टर्फांवर उगारा!" राग खरा आहे. जंगलाच्या कुशीत रात्री दिव्यांचा झगमगाट, गाण्यांचा धिंगाणा, गाड्यांची रांग. पेपरातही वर्षानुवर्षे त्याबद्दल छापून येतं. आणि आपण घराचं पत्र्याचं छप्पर बदलायला काढलं तर दुसऱ्या दिवशी माणूस दारात हजर.

पण आम्ही म्हणतो, जरा थांबा. बडगा मागू नका.

का मागू नका, त्याचं उत्तर १९९७ मध्ये आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान वाचवा म्हणून १९९५ साली एका पर्यावरण संस्थेने उच्च न्यायालयात अर्ज केला. जंगल वाचलं पाहिजे, हे म्हणणं चुकीचं नाही. जंगल वाचलं तर आपण वाचतो. ७ मे १९९७ ला कोर्टाने आदेश दिला, उद्यानातली अतिक्रमणं हटवा. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत नाव असेल त्याने ७,००० रुपये भरायचे, मग त्याला दुसरीकडे जागा. कल्याणजवळ शिरढोणला जागा दाखवली. ज्याचं काम बोरिवलीला, मालाडला, भांडुपला, त्याने शिरढोणला जाऊन खायचं काय? पुढे चांदिवलीचा विषय निघाला. मधल्या काळात हजारो झोपड्या तुटल्या. आणि त्याच गर्दीत, त्याच यादीत, उद्यानातल्या पाड्यांवरचे आदिवासीही 'अतिक्रमणदार' म्हणून मोजले गेले. जे जंगल व्हायच्या आधीपासून तिथे होते त्यांनीही पावती दाखवायची, यादीत नाव दाखवायचं.

बघा, आदेश काढताना डोळ्यांसमोर कोण असेल ते असो. सोटा खाली आला तेव्हा तो सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात कमजोर पाठीवर आला. बंगल्याला वकील असतो, स्टे असतो, अपील असतं. तो सोटा हवेतच धरतो. झोपडीला सकाळी नऊ वाजता आलेली गाडी दिसते, नि बारा वाजता जागा मोकळी. म्हणून बंगल्यावर उगारलेला बडगा पाड्यावर पडतो. बडग्याचा स्वभावच तो आहे, त्याला डोळे नाहीत.

मग बंगल्यांना सोडून द्यायचं? मुळीच नाही. त्यांच्यावर कायदा लावा, कागदावर, कलम लिहून, नोटीस देऊन, सुनावणी घेऊन, आणि निकाल लागला की पाडा. वेळ लागेल, लागू दे. पण तीच रीत पाड्यालाही लागली पाहिजे. बडग्यात आणि कायद्यात हाच फरक आहे. कायद्याला कारण द्यावं लागतं, बडग्याला लागत नाही.

आम्हाला कडक नको, पूर्ण हवी

आपल्याला वाटतं की कडक अंमलबजावणी झाली तर आपण मरू. साहेब लोकांनी तसं ठसवलंय. पण नीट विचार करा. आपण मरतोय ते कायदा कडक आहे म्हणून, की अर्धाच लावतात म्हणून?

वन हक्क कायदा २००६ घ्या. हाही कायदाच आहे, संसदेने केलेला. त्यात काय आहे ते पुन्हा एकदा सांगतो.

कलम ४ (५) सांगतं, की हक्काची तपासणी पूर्ण होईपर्यंत जंगलात राहणाऱ्या आदिवासीला त्याच्या कब्जातल्या जमिनीवरून उठवता येत नाही. 'तपासणी पूर्ण' म्हणजे दावा लिहून घेतला, ग्रामसभेने बघितला, वरच्या समित्यांनी बघितला, नामंजूर केला तर कारण लेखी दिलं, अपिलाला वेळ दिला, तोवर. दावा कपाटात पडून आहे म्हणजे तपासणी पूर्ण नाही.

हा कायदा नॅशनल पार्कला लागू नाही असं कुणी म्हटलं तर त्याला कायद्याची व्याख्या वाचून दाखवा. वनजमीन या शब्दात राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं धरलेली आहेत, स्पष्ट लिहिलंय. महापालिकेची हद्द हाही अपवाद कायद्यात लिहिलेला नाही. ठाणे महापालिका १९८२ ला झाली. आपण पालिकेत गेलो नाही, पालिका आपल्यावर आली. त्याने आपलं जंगल जंगल राहिलं नाही असं होत नाही, आणि आपण आदिवासी राहिलो नाही असंही होत नाही.

कलम ३ (२) तर प्रत्येक पाड्याने पाठ करून ठेवावं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशनचं दुकान, विजेची लाईन, पिण्याचं पाणी, रस्ता, अशा तेरा कामांना जंगलाची जमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरच्या आत जागा, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. इतकं झालं की पाड्यावर लाईट येते. आपल्याला मात्र सांगतात, "कायदा कडक आहे, खांब टाकता येत नाही." कायदा कडक असता तर खांब कधीच आला असता!

आणि तिकडे बघा. १३ जुलै २०२४ ला पंतप्रधानांनी ठाणे-बोरिवली जोड बोगद्याचं भूमिपूजन केलं. ११.८ किलोमीटरचा रस्ता, त्यातले सव्वादहा किलोमीटर बोगदे, आपल्याच उद्यानाच्या पोटातून. ठाण्याचं तोंड टिकुजिनीवाडीपाशी. बोगद्याला हव्या त्या परवानग्या मिळाल्या. बोगदा असावा की नसावा हा वाद वेगळा, तो पुढच्या अंकात घेऊ. इथे एवढंच सांगायचंय, की जंगलाच्या कायद्यात वाट काढायची म्हटली तर निघते. डोंगर पोखरून निघते. आपल्या पाण्याच्या पाइपाला तेवढी निघत नाही.

आता सगळ्यात मोठी गंमत ऐका. वन हक्क कायद्यातच एक छोटा बडगा आपल्यासाठीही ठेवलेला आहे. कलम ७. जो अधिकारी किंवा जी समिती हा कायदा मोडेल ती गुन्हेगार, आणि दंड एक हजार रुपयांपर्यंत. एक हजार! आपल्या जळणाच्या मोळीला जसा दंड. तरी तो आहे. कलम ८ प्रमाणे ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय समितीला साठ दिवसांची नोटीस द्यायची, आणि समितीने काही केलं नाही तर कोर्टात जाता येतं. साहेब लोकांना पैशाची भीती नाही, पण कागदावर 'गुन्हेगार' हा शब्द लागायची भीती आहे. तो शब्द आपल्याला इतकी वर्षं लावलाय, त्यांना एकदा लागू दे.

त्याहून भारी हत्यार अत्याचार प्रतिबंध कायद्यात आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट आलं, की आदिवासीला त्याच्या जमिनीवरून चुकीच्या रीतीने काढणं, वन हक्कात आडकाठी करणं, पीक नासवणं, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. उभ्या पिकात गुरं घालणाऱ्याला, वरीच्या तुकड्यात खड्डे खणून रोपं लावणाऱ्याला हे कलम वाचून दाखवा. 'वनीकरण आहे' असं म्हटल्याने गुन्हा प्रशमित होत नाही.

दंडाच्या पावत्या

एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम सांगायची आहे. घरात पत्र्याच्या पेटीत जुन्या दंडाच्या पावत्या असतील. जमीन नांगरली म्हणून, राब तोडला म्हणून, कोयता पकडला म्हणून फाडलेल्या. लाजेने कुणी त्या दाखवत नाही. त्या बाहेर काढा. ज्या वर्षी दंड केला त्या वर्षी तुम्ही त्या जमिनीवर होता, हे सरकारनेच लिहून दिलंय! जो सोटा पाठीवर घातला त्याचीच खूण आता पुरावा आहे. कोर्टाचे कागद, गुन्ह्याच्या नोंदी, सगळं चालतं. आणि कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, बांध, विहीर, जुनं झाड, देवाची जागा, मसणवटा, हेही पुरावे आहेत. नियम १३ मध्ये ते लिहिलंय. कमीत कमी दोन पुरावे लागतात. 'फक्त सरकारी कागद आण' असं म्हणणं बेकायदा आहे. १९९५ च्या प्रदीप प्रभू खटल्यातसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की सरकारी दप्तरात नोंद नाही एवढ्यावरून माणसाचा दावा फेकू नका.

१३ फेब्रुवारी २०१९ आठवा. सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना काढा. देशभर लाखो घरं हादरली. १५ दिवसांत, २८ फेब्रुवारीला, त्याच कोर्टाने तो आदेश थांबवला, आणि राज्यांना विचारलं, की दावे नामंजूर केले ते कुठल्या रीतीने केले ते आधी सांगा. म्हणजे प्रश्न तोच, रीत पाळली का? देशभरचे आदिवासी रस्त्यावर आले म्हणून तो प्रश्न विचारला गेला. गप्प बसलो असतो तर सोटा पडला असता.

दारात आले तर काय करायचं

१. घाबरून घर सोडू नका. भांडू नका, हात उचलू नका. सगळा पाडा गोळा करा. बाया पुढे, पण एकट्या नाही.

२. "कडक कारवाई करणार" हे तोंडी वाक्य आहे, त्याला किंमत नाही. विचारा, "साहेब, कंचा कायदा? कंचं कलम? आदेश कुणाचा? लिहून द्या." नाव आणि हुद्दा विचारून वहीत लिहा, तारीख-वेळ घाला.

३. १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, घर पाडायचं तर कारण लिहिलेली नोटीस आणि १५ दिवसांची मुदत दिली पाहिजे, म्हणणं ऐकलं पाहिजे. रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईन, नदी-पाण्याच्या कडेची बांधकामं आणि कोर्टाचा आदेश असेल तिथे ते लागू नाही, हेही लक्षात ठेवा. आपलं घर त्यात बसतं असं कुणी म्हटलं तर तेही लिहून मागा.

४. दावा भरला असेल तर त्याची पोच दाखवा. पोच नसेल तर उद्याच जाऊन घ्या. दावा नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. कागद मिळाल्यापासून साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. कागदच दिला नाही तर साठ दिवस सुरूच झाले नाहीत.

५. ग्रामसभा कागदावरची नको, खरी घ्या. निम्मी माणसं हवीत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा तरी बाया हव्यात. सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्या, मागून नको.

६. पाड्यात कुणी 'मॅनेज करून देतो' म्हणत पैसे मागत असेल, तर आपला असो की बाहेरचा, त्याला एक रुपया देऊ नका. दावा भरायला पैसा लागत नाही.

शेवटचं

आपण मोर्चा काढला की आपल्याला सांगतात, "कायदा हातात घेऊ नका." आम्ही म्हणतो, घ्यायचा. वन हक्क कायद्याचं पुस्तक प्रत्येक पाड्यावर एकेक ठेवायचं, पोरींनी मोठ्याने वाचायचं, म्हाताऱ्यांनी ऐकायचं. त्यांच्या हातात कायद्याचा सोटा होतो, कारण ते तो उघडून बघत नाहीत. उघडला तर त्यात आपलीही पानं आहेत.

येत्या महिन्यात प्रत्येक पाड्याने एक यादी करायची. किती दावे भरले, किती पडून आहेत, किती नामंजूर, किती जणांना कारण लेखी मिळालं. त्याच यादीत दुसरा रकाना, लाईट, पाणी, रस्ता, अंगणवाडी, कलम ३ (२) खाली काय मागितलं, काय आलं. ती यादी घेऊन आपण सगळे एकदम ठाण्याला जाऊ आणि विचारू, कडक अंमलबजावणी कधी सुरू करताय?

पेपरवाले विचारतील, बडगा कुणी उगारला? सांगा, आम्ही यादी उगारली.

जिंदाबाद!